पालथं पाकीट

"मावशी, तू उद्यापासून कामावर आलीच नाहीस, तर कुणाला कळेल तरी का?"

सुटला एकदाचा प्रश्न तोंडातून! अश्लेषाचे कान असे तापले, की उत्तर जर्मनीतल्या ब्रेमरहाफनच्या बंदरावरचा जानेवारीचा वारा त्यांना लागला असता तर वाफ निघाली असती. टेबलाखाली मांडीवर मोबाइल रेकॉर्ड करत होता. पुरावा नको का? फ्रीडा आणि एलिफ, तिच्या वर्गातल्या जिवलग दोघी, तिला स्टेशनवर सोडायला आल्या होत्या आणि गाडी हलताना ओरडून बजावत होत्या. पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात विचारायचं. विचारलंस तर फ्रीडा आठवडाभर तुझी बॅग उचलणार. शेपूट घातलंस तर तू आम्हां दोघींची.

वसुधामावशीने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत. डाव्या हाताचं एक बोट तेवढं वर केलं, थांब म्हणून. तिचे ओठ हलत होते. "...एकवीस, बावीस, तेवीस." शेजारच्या कागदावर पेन्सिलीने तेवीस लिहून तिने खुर्ची गर्रकन फिरवली.

"हं, आता बोल. काय म्हणालीस?"

म्हणजे परत विचारायचं! पहिल्यांदा धाडस होतं, दुसऱ्यांदा नुसता आगाऊपणा वाटणार होता. पण अश्लेषाने विचारलं, डोळे मिटून, एका दमात.

मावशी हसली. "पैज कसली आहे?"

"कसली पैज?"

"अशू, असला प्रश्न कुणी आपण होऊन विचारत नाही. मागून कुणीतरी ढकललेलं असतं."

"बॅगेची," अश्लेषा पुटपुटली. "आठवडाभर."

"एका बॅगेसाठी एवढं मोठं उत्तर? नाही परवडत. दोन आठवडे आहेस ना तू? शेवटच्या दिवशी सांगते. तोवर तूच बघ, कुणाला कळतं का ते."

अकरावीत शाळा सगळ्यांना दोन आठवडे कुठल्यातरी कामावर पाठवते. प्राक्टिकुम म्हणतात त्याला, आणि शेवटी त्याचा जाडजूड अहवाल लिहावा लागतो. वर्गातली निम्मी मुलं बँकांत गेली होती, उरलेली दातांच्या डॉक्टरांकडे. अश्लेषासाठी बाबांनी, म्हणजे विनयने, त्यांच्या एश्बॉर्न गावातल्या आपल्याच आयटी ऑफिसात जागा बोलून ठेवली होती. एक मॉनिटरसुद्धा राखून ठेवला होता बिचाऱ्याने. पण दिवाळीच्या सुमारास ही मुलगी शाळेच्या वादविवाद स्पर्धेत दोनशे जणांसमोर उभी राहिली आणि पहिली आली, आणि तेव्हापासून तिचं जे तोंड सुटलं ते सुटलंच. घरात मराठीत विचारलं की जर्मनमध्ये दोन शब्द टाकून खोलीत पसार होणारी मुलगी आता जेवणाच्या टेबलावर दोन्ही भाषांत भाषणं ठोकत होती. "नाही बाबा, मी वसुमावशीकडे जाणार, मासेवाल्या संस्थेत," हेही तिने असंच ठोकून दिलं होतं.

वसुधा ही शुभाची, म्हणजे अश्लेषाच्या आईची, मोठी मावसबहीण. मधुकाकांशी लग्न होऊन ती इथे आली. मधुकाका बर्फाचे संशोधक. ते पाच वेळा अंटार्क्टिकाला जाऊन आले, मावशी एकदाही नाही. ते गेल्यालाही आता चार वर्षं झाली होती. सांगलीत पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये रक्ताच्या काचा बघणारी मावशी इथे येऊन माशांच्या कानातले दगड बघायला लागली, आणि त्याला बावीस वर्षं झाली.

हो, कानातले दगड! अश्लेषालाही आधी थापच वाटली होती.

"टूथफिश म्हणतात याला," मावशीने तिला भिंतीवरचा फोटो दाखवला. त्यात एक दाढीवाला खलाशी आपल्याहून लांब, करड्या, रागीट तोंडाच्या माशाशेजारी आडवा झोपला होता. "तिकडे बर्फाच्या खालच्या काळोखात राहतो. जहाजावरचा माणूस त्याची लांबी घेतो, डोक्यातून दगड काढतो, पाकिटात घालतो, आणि सहा महिन्यांनी ते पाकीट माझ्याकडे येतं."

दगड पावट्याच्या दाण्याएवढा, पांढरा, वेडावाकडा. आधी तो भाजायचा.

"शेंगदाणे भाजता येतात का तुला?" मावशीने भट्टीचं दार उघडत विचारलं.

"यूट्यूबवर बघितलेत."

"देवा! इकडे ये. तांबूस झाला की लगेच काढायचा. जरा रेंगाळलीस की कोळसा. मग तो मासा कायमचा बिनवयाचा."

भाजलेला दगड पारदर्शक राळेत बसवायचा, बरोबर मधोमध कापायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. आणि मग! अश्लेषा किंचाळलीच. कांद्याच्या कापासारखी वलयं. सोनेरी, तपकिरी, सोनेरी, तपकिरी. मधे रुंद, कडेला बारीक होत गेलेली. प्रत्येक वलय म्हणजे त्या काळोखातला एक हिवाळा.

"पण एवढं कशाला?" तिने विचारलं. "वय कळून काय करायचंय? वाढदिवस करायचाय?"

"समुद्रात मासे किती आहेत, हे बघितलंय का कुणी? तळ उपसून मोजणार आहेस?" मावशी म्हणाली. "नाही ना? मग अंदाज बांधायचा. किती तरुण, किती म्हातारे, किती वेगाने वाढतात. या माशाला आई व्हायलाच पंधरा वर्षं लागतात, अशू. दर ऑक्टोबरात पंचवीसेक देश एका टेबलाशी बसतात आणि ठरवतात, यंदा किती टन धरायचे. पस्तीस वर्षांनीही अंडी घालणारे मासे मूळच्या निम्मे तरी उरले पाहिजेत, असा नियम आहे. एका देशाने जरी नाही म्हटलं, तरी आकडा ठरत नाही."

"म्हणजे तुझा मघाचा तेवीस तिकडे पोचतो?"

"एकटा नाही पोचत. असे पाच-सहाशे मिळून पोचतात. त्यातला माझा तेवीस कुठला, ते कुणाला ओळखू येत नाही."

"म्हणजे कुणाला कळतच नाही!" अश्लेषाने टाळी वाजवली. "मिळालं उत्तर!"

"लिही हो, अहवालात लिही," मावशी म्हणाली आणि भट्टीकडे वळली.

या कामात एकच सक्त नियम होता. पाकीट पालथं ठेवायचं. पाकिटावर माशाची लांबी लिहिलेली असते. ती मोजणाऱ्याने आधी बघायची नाही.

"लांबी दिसली की डोळा आधीच वय ठरवून टाकतो," मावशीने सांगितलं. "मग तो वलयं मोजत नाही, ठरवलेलं वय शोधत बसतो."

दुसरा नियम म्हणजे प्रत्येक दगड दोघांनी मोजायचा, वेगवेगळा, एकमेकांचा आकडा न बघता. पण मावशीच्या समोर बसणारे तिचे सहकारी ऊवं हिवाळ्याआधी निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी येणारं माणूस एप्रिलमध्ये येणार होतं. ऊवंची खुर्ची रिकामी होती. मावशीच्या खुर्चीत मात्र एक निळी उशी होती. तिथली टेबलं सहाफुटी माणसांच्या मापाची, आणि मावशी जेमतेम पाच फूट. उशीवर बसली की तिचे डोळे बरोबर मायक्रोस्कोपला टेकायचे.

सरावासाठी एक लाकडी पेटी होती. 'ओळखीचे दगड' म्हणायची मावशी त्यांना. दोनशे दगड, ज्यांचं वय पाच-सहा देशांतल्या जाणत्यांनी मोजून एकमताने ठरवलेलं. नवशिक्याने त्यांच्यावर हात बसवायचा, आणि जुन्यानेही दरसाल त्यांच्यावर आपला डोळा तपासून घ्यायचा. अश्लेषाला त्यातले तीस मिळाले. पहिल्या दहांत तिची पार दाणादाण उडाली. वलयं एकमेकांत शिरत होती, मधूनच फुटत होती. अकराव्या दगडाला तिने पाकिटाचा कोपरा उचलून हळूच बघितलं. एकशे साठ सेंटिमीटर. मग काय, भलामोठा मासा! म्हणजे तीसच्या आसपास. मोजल्यावर एकतीस भरलीसुद्धा. सरसर सुटली मग गाडी.

संध्याकाळी मावशीने तिचा कागद हातात घेतला. "वा! अकराव्यापासून एकदम हात बसला की तुझा."

अश्लेषा फुगली.

"अकरावा दगड किती म्हणालीस?"

"एकतीस. क्लिअर होता एकदम."

"एकदम क्लिअर?" मावशीने तो दगड तिच्यासमोर ठेवला. "दहा वर्षांचं पोर आहे ते. मी त्याचं पाकीट बदलून ठेवलं होतं. पोराला आजोबा केलंस की गं!"

अश्लेषाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मावशी एवढी हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, की तिलाही हसू फुटलं. "तू सापळा लावलास? प्राक्टिकुमच्या पोरीला?"

"सगळ्यांना लावते. ऊवं तर डॉक्टरेट घेऊन आला होता. त्याने सहा वर्षांच्या बाळाला पेन्शनीत काढलं होतं."

त्या दिवसापासून अश्लेषाने पाकीट पालथं ठेवलं ते ठेवलंच. पहिल्यांदा प्रामाणिकपणे मोजलं तेव्हा तीसपैकी अकरा जुळले. मग पंधरा. शुक्रवारी चोवीस! ती लॅबभर नाचली. मावशी मराठीत मोजायची, म्हणून तीही मराठीत मोजायला लागली. वीसपर्यंत येत होतं, पुढे जर्मनमध्ये घसरायची, आणि एकोणतीसपाशी तर दर वेळी गाडी रुळावरून उतरायची. एक दिवस एका दगडात पस्तीस भरली. पस्तीस! तिने बोटांवर हिशेब केला. म्हणजे पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाले त्या सुमाराला हा मासा जन्मला. बाबा तेव्हा पुण्यात चौथीत होता, शर्टाच्या बाहीला नाक पुसत असणार! आणि हा इकडे बर्फाखाली निवांत पोहतोय. तिने लगेच मैत्रिणींना पाठवलं, 'माझ्या हातात एक अख्खा देश जन्मल्यापासूनचा मासा आहे.' फ्रीडाने विचारलं, 'चवीला कसा आहे?'

"सांग तिला, मावशीला माहीत नाही," मावशी म्हणाली. "बारा हजार मासे हाताखालून गेलेत, जिभेवरून एक नाही. बटाट्याची भाजी करू का आज?"

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी मावशीने एक नवा ट्रे तिच्यापुढे सरकवला. त्यात यंदाचेच चाळीस दगड होते. "हे मी मोजलेत. आता तू मोज, सराव म्हणून. झालं की ड्रॉवरमधला माझा कागद काढ, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही आणि मला दाखव."

यंदाचे! खरेखुरे, ऑक्टोबरात देशांच्या टेबलावर जाणारे! अश्लेषा दोन दिवस हलली नाही. मंगळवारी दुपारी मावशी खालच्या शीतगृहात गेली असताना तिने ड्रॉवर उघडला आणि आकडे मांडले.

लहान मासे जुळत होते. आठला आठ, बाराला बारा, कुठे एखादं इकडेतिकडे. पण विशीच्या पुढे तिचे चोवीस तर मावशीचे बावीस. तिचे एकोणतीस, मावशीचे सव्वीस. तेहतीस, एकोणतीस. दर वेळी तिचेच जास्त.

माझंच चुकलं, ती म्हणाली. परत मोजले. तेच आले. मग तिला युक्ती सुचली. लाकडी पेटीतले ओळखीचे दगड काढले, फक्त म्हाताऱ्या माशांचे, पाकिटं पालथी ठेवून. बारा मोजले. बारापैकी दहा बरोब्बर, दोन एका वर्षाने इकडेतिकडे.

म्हणजे मी बरोबर आहे! ती खुर्चीवरून उडाली. कागदाचा फोटो काढला, त्यावर तीन रॉकेटं चिकटवली आणि मैत्रिणींना पाठवला. 'बावीस वर्षं मोजणाऱ्या बाईपेक्षा माझा डोळा पक्का! मी जीनियस आहे!'

फ्रीडाने टाळ्यांची रांग पाठवली. एलिफने एकच ओळ पाठवली. 'म्हणजे मावशी चुकतेय?'

अश्लेषा उभी होती ती खाली बसली.

पाच वाजता दोघी नेहमीसारख्या बंधाऱ्यावरून चालत घरी निघाल्या. अंधारून आलं होतं, बंदरातले दिवे लागले होते. मावशी मधेच थांबली. "बघ ना, आज दिव्यांना कसा पिसारा फुटलाय."

अश्लेषाने बघितलं. साधे दिवे होते. गोल, पिवळे, टिपक्यांसारखे. पिसारा कुठेच नव्हता. घरी गेल्यावर तिने आणखीही बघितलं. चहाचा कप भरताना मावशी काठाला बोट लावत होती. शेगडीचं बटण कानाने फिरवत होती, टक टक टक, तीन. हे सगळं गेल्या आठवड्यातही होतंच की. तेव्हा तिला ती मावशीची लकब वाटली होती.

आता काय करायचं? सांगितलं, तर मावशीची यंदाची सगळी मोजणी उलटणार, आणि मावशीला त्या टेबलावरून उठावं लागणार. नाही सांगितलं, तर? यंदाचे मिळून पाचशेसाठ दगड. एवढ्याशाने काय होतंय? कुणाला कळणार आहे?

बुधवारी सकाळी मावशीच्या आधीच लॅबमध्ये पोचून तिने खोडरबर घेतलं. आपले चोवीस खोडून बावीस केले. एकोणतीस खोडून सव्वीस. शेवटपर्यंत. मग कागद मावशीच्या टेबलावर ठेवला आणि भट्टीपाशी जाऊन उभी राहिली, काही भाजायचं नव्हतं तरी.

मावशीने कागद भिंगाखाली धरून बघितला. बराच वेळ बघितला.

"चाळीसपैकी चाळीस?"

"हो!" अश्लेषाचा आवाज जरा जास्तच वर गेला. "हात बसला माझा."

"अशू, मीच माझे चाळीस परत मोजले तरी चाळीस जुळत नाहीत. ऊवंचे आणि माझे इतक्या वर्षांत कधी जुळले नाहीत. एवढं जुळायला मोजावं लागत नाही, दुसऱ्याचा कागद वाचावा लागतो." तिने कागद खाली ठेवला. "त्या दिवशी तू पाकीट वाचलंस, तेव्हा मी हसले. आज तू मला वाचलंस. आज हसणार नाही मी."

अश्लेषा भट्टीपासून पुढे आली. "मला वाटलं, तुला..."

"मला वाईट वाटेल. कळलं. तुझे आकडे कुठायत?"

"खोडले."

"सगळे?"

अश्लेषाने हळूच मोबाइल काढला. फोटो होता. तीन रॉकेटांसकट. जीनियससकट. तो तिने मावशीपुढे धरला. मावशीने मोबाइल जवळ नेला, लांब नेला, आणि परत दिला.

"वाच तू. मी लिहिते."

आणि अश्लेषाने वाचले. "चोवीस. एकोणतीस. तेहतीस." एकोणतीसपाशी या वेळी ती अडखळली नाही. मावशी एकेक आकडा मोठ्या अक्षरात लिहीत गेली. शेवटचा लिहून झाल्यावर तिने दोन्ही रांगांवरून बोट फिरवलं.

"कडेची वलयं," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माशाची कडेची वलयं केसासारखी बारीक असतात. ती मला दिसत नाहीयेत. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. डिसेंबरात कळलं. ईस्टरच्या सुट्टीत ऑपरेशनची तारीख मिळालीय."

"मग तू मोजत का राहिलीस?"

"वाटलं, बावीस वर्षांची सवय आहे, निभावेल." मावशीने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "मग वाटलं, नसेल निभावत. दोनशेची पेटी दोनदा उघडली, दोनदा बंद केली. धीर नाही झाला. म्हणून तुला दिले चाळीस."

"सराव म्हणालीस!"

"खरं सांगितलं असतं, तर तू माझी शंका वाचली असतीस. दगड नसते वाचले."

आत्ता कुठे अश्लेषाच्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे मावशीने स्वतःचंच पाकीट पालथं घालून तिच्यापुढे ठेवलं होतं!

शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, मावशीने विभागप्रमुख डॉक्टर हिन्रिक्सबाईंची वेळ घेतली आणि अश्लेषालाही बरोबर नेलं. उंच, घाईतल्या बाई, एक डोळा घड्याळावर. मावशीने दोन रांगांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि आपल्या ठाम, सांगली वळणाच्या जर्मनमध्ये सांगितलं, "यंदाची माझी मोजणी वगळा. वीस वर्षांवरच्या माशांची वयं मी कमी लावलीत. सगळेच दगड परत मोजावे लागतील."

बाई थबकल्या. "सगळे? वसुधा, दोन-तीन वर्षांचाच तर फरक आहे. अंदाजात थोडी चूक आपण धरतोच."

"चूक दोन्ही बाजूंना असली तर धरतो. ही एकाच बाजूला आहे." मावशीने कागदावर बोट ठेवलं. "म्हातारा मासा तरुण वाटला, की वाटतं मासे भराभर वाढतात. भराभर वाढतात, म्हणजे धरले तरी लवकर भरून निघतात. म्हणजे अजून धरा. तिकडे एवढे देश आकडा वाढवायला टपलेले असतात, त्यांच्या हातात मी हे देणार नाही."

हिन्रिक्सबाईंनी दोन्ही रांगा वाचून काढल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. पण मग ऑपरेशननंतर तुला दोनशेची परीक्षा परत द्यावी लागेल. नियमच आहे. आणि नाही जमली तर..."

"तर भाजायचं काम करेन. ते मला वासावरून येतं."

बाईंना हसू आलं, आणि लगेच गेलं. त्यांनी उठून मावशीशी हस्तांदोलन केलं, दोन्ही हातांनी. मग अश्लेषाकडे वळल्या. "आणि दुसरी मोजणी कुणाची?"

"माझी," अश्लेषा म्हणाली. एवढासा आवाज. दोनशे जणांसमोर गाजलेला आवाज कुठे गेला कोण जाणे.

लॅबमध्ये परतल्यावर मावशीने मायक्रोस्कोपची भिंगं मऊ कापडाने पुसली आणि त्यावर झाकण घातलं. खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली, एप्रिलमध्ये येणाऱ्या माणसासाठी. मग निळी उशी उचलून झटकली आणि कुठे ठेवावी ते न सुचल्यासारखी हातात धरून उभी राहिली.

"उत्तर राहिलंय," अश्लेषा म्हणाली. "तू आली नाहीस तर कुणाला कळेल का?"

"नाही कळणार. दुसरं माणूस येईल आणि मोजेल. त्यात वाईट काही नाही." मावशीने उशी तिच्या सॅकमध्ये कोंबली. "पण मी आले आणि चुकले, तर ते कळायला पाहिजे. मासे काही सांगायला येत नाहीत. म्हणून समोरच्या खुर्चीत कुणीतरी लागतं. ही ने. लॅबमध्ये राहिली तर कुणीतरी फेकून देईल."

दुसऱ्या दिवशी सहा तासांच्या प्रवासात अश्लेषाने अहवालाची अकरा पानं लिहून काढली. गाडी अर्धा तास एका शेतात उभी राहिली, तेही तिला कळलं नाही. एलिफचा मेसेज आला, 'बॅग कोण उचलणार?' तिने लिहिलं, 'माझी मीच उचलेन. पण उत्तर मिळालं, भेटल्यावर सांगते, तास लागेल!'

रविवारी दुपारी एश्बॉर्नच्या घरात वरणभाताचा वास सुटला होता. टेबलाच्या मधोमध शाळेचा फॉर्म होता. पुढची दोन वर्षं कुठले दोन विषय मुख्य घ्यायचे, ते सोमवारपर्यंत लिहून द्यायचं होतं. विनयने पेन्सिलीने, अगदी फिकट, गणित आणि इन्फॉर्माटिक, म्हणजे संगणकशास्त्र, लिहून ठेवलं होतं. त्याच्या शेजारी पुण्याच्या तीन तिकिटांचं प्रिंटआउट होतं, ईस्टरच्या सुट्टीचं.

"आल्झो, तर," विनयने चष्मा सरसावला, "मी काय विचार केलाय सांगतो. बघ, म्हणजे तू ठरव, पण मार्केटचा विचार केला तर..."

"बाबा, थांब!"

"अगं, ऐकून तरी घे त्याचं," शुभा वरणाचं पातेलं घेऊन येत म्हणाली. "आणि खुर्चीवर ती उशी कसली घेतलीस? वसुताईची ना ती?"

"हो, तिचीच." उशीमुळे अश्लेषा आज चार बोटं उंच झाली होती. बाबांचे डोळे बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आले होते. तिने फॉर्म उचलला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"हे काय?" विनय म्हणाला.

"तुझं आधी दिसलं, तर मी तेच वाचत बसेन. आधी माझं. मग तुझं सांग, मी ऐकेन, प्रॉमिस." तिला हसू आवरत नव्हतं. "मी गणित आणि बायोलॉजी घेणार. आणि ईस्टरला पुण्याला तुम्ही दोघं जा. मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायला तिच्या घरी कुणी नाही. ते मी घालणार. आणि तिला दिसायला लागलं, की ती दोनशे दगड मोजणार आहे, आणि समोरच्या खुर्चीत बसून मीही मोजणार आहे. तिचे न बघता."

शुभाने पातेलं टेबलावर टेकवलं. विनयने तिकिटांचा कागद हळूच आपल्याकडे ओढला आणि तोही पालथा घातला.